सहा ग्रॅमची पुडी आणि तिचा परवाना

मुळा आणि पवना या नद्या जिथे एकत्र येतात त्या दापोडीचे नाव आज उच्चारले, तर हॅरिस पूल, एस. टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सकाळ-संध्याकाळ लोकलसाठी ताटकळणारा कामगारवर्ग एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्याच्या सरकारी दप्तरात ‘दापुरी’ हे नाव येई ते एका बागेच्या संदर्भात. कॅप्टन फोर्ड याने येथे बांधलेला बंगला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सरकारसाठी घेतला आणि 1828 मध्ये त्याच्या आवारात सरकारी वनस्पती-उद्यानाची स्थापना केली. 1838 पासून या उद्यानाचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश वैद्याकडे आला. तत्पूर्वी देवी टोचण्याच्या कामानिमित्त दख्खन आणि खानदेश पायाखाली घातलेल्या या गृहस्थाने दापोडीला देशोदेशीच्या वनस्पती वाढवल्या, नारायणगावानजीक हिवरे येथील बागेत औषधी झाडे लावून सरकारी दवाखान्यांसाठी औषधे तयार करवली, आणि 1847 ते 1850 या काळात एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून येथील वनस्पतींची चित्रे काढून घेतली. त्या चित्रकाराचे नाव कोणी नोंदवून ठेवले नाही, चित्रे मात्र एडिंबरोच्या वनस्पती-उद्यानात आजही जतन केलेली आहेत. 1865 च्या सुमारास गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीला हलला आणि दापोडीची बाग इतिहासजमा झाली.

वैद्यक आणि कृषी यांची गाठ या पट्ट्यात पुन्हा पडली ती स्वातंत्र्यानंतर. दापोडीहून कासारवाडी ओलांडली की पिंपरी लागते. येथे 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि परदेशातून येणाऱ्या पेनिसिलीनवर अवलंबून असलेल्या देशात ते औषध आपल्या भूमीवर तयार होऊ लागले; पुढे स्ट्रेप्टोमायसीनही तेथे होऊ लागले. या कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे वनस्पतिरोगशास्त्राचे अभ्यासक होते. मनुष्याच्या बुरशीजन्य विकारांवरील हमायसीन येथे सापडले तसेच पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंजिनही येथेच सापडले. माणसासाठी चाललेल्या संशोधनाचा एक ओघ असा शेताकडे वळला, आणि त्याच ओघात स्ट्रेप्टोसायक्लीन हे नाव महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचले.

स्ट्रेप्टोसायक्लीन म्हणजे स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन यांचे नवास एक या प्रमाणातील मिश्रण. ते सहा ग्रॅमच्या लहानशा पुडीत मिळू लागले. बुरशीवर बोर्डो मिश्रण आहे, गंधक आहे, नाना प्रकारची रसायने आहेत; परंतु जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगांवर शेतकऱ्यापाशी फारसे काही नसते, म्हणून ही पुडी त्याला जवळची वाटली यात नवल नाही. परंतु केंद्राच्या नोंदणीत ही पुडी आठ पिकांसाठी मंजूर होती: सफरचंद, घेवडा, लिंबूवर्गीय फळे, बटाटा, चहा, भात, तंबाखू आणि टोमॅटो. डाळिंब या यादीत नव्हते. कापूसही नव्हता.

या लेखाचा सारा आशय या एका तपशिलात आहे, म्हणून तो सविस्तर मांडणे भाग आहे. आपली अशी समजूत असते की सरकार एखाद्या कीटकनाशकाला एकदा मान्यता देते आणि मग ते कोठेही वापरण्याची मुभा राहते. वस्तुस्थिती तशी नाही. मान्यता मिळते ती अमुक रसायनाला, अमुक पिकावर, अमुक किडीविरुद्ध, अमुक मात्रेत, आणि शेवटच्या फवारणीनंतर अमुक दिवस तोडणी करायची नाही या अटीवर. पीक बदलले की पानांची घडण बदलते, फळाची साल बदलते, तोडणीचा काळ बदलतो, खाणाऱ्याच्या पोटात जाणारे प्रमाण बदलते. म्हणून टोमॅटोसाठी केलेला अभ्यास डाळिंबाला लागू पडत नाही. परवाना औषधाचा नसतो, पिकाचा असतो. हे वाक्य शेतकऱ्याला, दुकानदाराला आणि भाजी घेणाऱ्या गृहिणीला सारख्याच गांभीर्याने सांगितले गेले असते, तर पुढे वर्णन केलेल्या पुष्कळ गोष्टी टळल्या असत्या असे माझे स्पष्ट मत आहे.

ही व्यवस्था घालून देणारा कायदा ज्या प्रसंगातून जन्मला तो प्रसंगही स्मरणात ठेवण्याजोगा आहे. 1958 च्या उन्हाळ्यात केरळ आणि मद्रास राज्यांत पॅराथिऑन या तीव्र विषाचा संसर्ग झालेले धान्य खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली. ‘फॉलिडॉल’ या व्यापारी नावाचे हे कीटकनाशक वाहतुकीत खाद्यपदार्थांच्या सान्निध्यात आले होते. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला गेला, पुढे प्रा. एम. एस. ठक्कर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती बसली, आणि एवढ्या टप्प्यांनंतर 1968 साली कीटकनाशक अधिनियम संमत झाला. त्याची नियमावली 1971 ची. या अधिनियमाने केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती अशी दोन अंगे निर्माण केली. कलम 9 अन्वये अर्जदाराने रसायनाची घडण, किडीवरील परिणाम, प्राण्यांवरील विषबाधा आणि पिकात राहणारा अंश यांची माहिती समितीपुढे ठेवायची, आणि समितीचे समाधान झाल्यावरच नोंदणीचा दाखला मिळवायचा. उत्पादनाचा आणि विक्रीचा परवाना ही मात्र राज्याची बाब. निरीक्षकांनी दुकानांतून नमुने घ्यायचे, विश्लेषकांनी ते तपासायचे, अशी ती व्यवस्था.

बाटलीवर 45 अंशांत फिरवलेला जो चौकोन असतो तो याच नियमावलीने घालून दिलेला आहे. लेबलाच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा त्याने व्यापला पाहिजे असा दंडक आहे. खालचा त्रिकोण लाल असेल तर विष अत्यंत तीव्र, पिवळा असेल तर त्याहून कमी परंतु तीव्रच, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. लाल त्रिकोणाच्या वर कवटी आणि दोन हाडांचे चिन्ह असते. निरक्षर मनुष्यालाही धोक्याची पातळी कळावी या हेतूने केलेली ही तजवीज खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. उणीव आहे ती आतल्या माहितीपत्रकाची. कोणत्या पिकावर, किती पाण्यात, किती दिवस थांबून, हा जो कायद्याचा गाभा तो अनेक भाषांच्या गर्दीत इतक्या बारीक टाइपात छापलेला असतो की चांगल्या दृष्टीच्या माणसालाही तो उन्हात धरून वाचावा लागतो.

आणि या कायद्यातील एक तरतूद सर्वसामान्यांना ठाऊक नसते. कलम 38 अन्वये स्वतःच्या घरात, परसबागेत किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीत कीटकनाशक वापरणाऱ्याला हा अधिनियम लागू होत नाही. म्हणजे कारखानदार बांधील, दुकानदार बांधील, परंतु फवारणारा हात मोकळा. लहान शेतकऱ्याला फौजदारीच्या फेऱ्यात अडकवू नये हा हेतू न्याय्यच आहे. मी त्याच्या विरुद्ध नाही. परंतु याचा अर्थ असा की कायद्याचा अंमल दुकानाच्या फळीपाशी संपतो, आणि पुढचे सारे समजुतीवर चालते. ती समजूत देणारा माणूस कोण? चाकण, राजगुरुनगर, मंचर या बाजूच्या कृषी सेवा केंद्रांत हंगामात कोणत्याही सकाळी जाऊन उभे राहावे; शेतकरी पिशवीतून रोगट पान काढतो किंवा मोबाइलवरचे छायाचित्र दाखवतो, आणि फळीपलीकडचा माणूस क्षणभर पाहून बाटल्या काढून देतो. निदान तेथेच, औषधयोजना तेथेच, विक्रीही तेथेच. हे लक्षात घेऊनच केंद्राने विक्रेत्यांसाठी शैक्षणिक पात्रतेची अट घातली आणि जुन्या विक्रेत्यांसाठी अभ्यासक्रम आखले. ती अट सैल न होऊ देणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

आता डाळिंबाकडे वळू. सोलापूर, सांगली, नाशिक, अहमदनगर या कोरडवाहू टापूंतील कित्येक कुटुंबांना ज्या पिकाने उभे केले, त्याच पिकावर तेलकट डाग रोगाने, शेतकऱ्यांच्या भाषेत तेल्याने, धाड घातली. झँथोमोनस कुळातील एका जिवाणूमुळे पानांवर आणि फळांवर तेल सांडल्यासारखे डाग पडतात, फळ तडकते, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. सोलापुरात 2005 मध्ये राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. जिवाणूवर उपाय म्हणून स्ट्रेप्टोसायक्लीन आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक यांची एकत्र फवारणी सर्रास होऊ लागली. ती केवळ शेतकऱ्यांच्या मनाने नव्हे, तर संशोधन संस्थांच्या शिफारशींतही होती. एका सरकारी अंगाची नोंदणी आठ पिकांपुरती, आणि दुसऱ्या सरकारी अंगाची शिफारस नवव्या पिकावर! शेतकऱ्याला येथे दोष देणे अन्याय्य ठरेल. तो तज्ज्ञांनी छापलेल्या पत्रकावर विश्वास ठेवून चालला होता.

परंतु स्ट्रेप्टोमायसीन हे काही निव्वळ शेतीचे औषध नव्हे. 1943 मध्ये अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत ते सापडले, क्षयरोगावर गुणकारी ठरलेले ते पहिले प्रतिजैविक, आणि त्यासाठी वॅक्समन यांना 1952 चे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूला एखादे प्रतिजैविक कमी मात्रेत, वारंवार आणि विस्तृत क्षेत्रावर भेटत राहिले की त्याला दाद न देणारे वंश टिकून राहतात आणि वाढतात. ती प्रतिकारशक्ती जिवाणू एकमेकांना देऊही शकतात. बागेतल्या मातीत घडलेली ही देवघेव रुग्णालयाच्या खाटेपर्यंत पोहोचणारच नाही अशी ग्वाही कोणी देऊ शकत नाही. म्हणूनच नोंदणी समितीने 2020 मध्ये शेतीतील स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन या दोन प्रतिजैविकांचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली, आणि डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने काढलेल्या मसुदा-आदेशात 1 फेब्रुवारी 2022 पासून आयात व उत्पादन आणि 1 जानेवारी 2024 पासून वापर बंद करण्याचे योजिले. पिंपरीत जन्मलेल्या एका उपयुक्त वस्तूवर ही वेळ आली याचे दुःख त्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्यांना होणे स्वाभाविक आहे. तरीही निर्णयाची दिशा योग्यच आहे, असे मला निःसंदिग्धपणे वाटते.

मग पुडीवाचून तेल्याचे काय करायचे? डाळिंबाच्या जाणत्या बागायतदारांनी याचे उत्तर प्रत्यक्ष आचरणात आणलेले आहे, आणि एकात्मिक कीड-रोग व्यवस्थापन म्हणजे काय हे समजून घ्यायला त्याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. डाळिंबाला वर्षात तीन बहार धरता येतात: आंबे, मृग आणि हस्त. मृग बहारातील फळे ऐन पावसाळ्याच्या दमट हवेत वाढतात, आणि ती हवा जिवाणूला मानवते. म्हणून रोगट टापूत मृग सोडून हस्त बहार धरायचा, म्हणजे फळे कोरड्या हवेत वाढतात. बहारानंतर बागेला तीन-चार महिने पूर्ण विश्रांती द्यायची. रोगट फांद्या डागाच्या खालून छाटायच्या, आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री निर्जंतुक द्रावणात बुडवायची, कारण रोग बहुधा कात्रीच्या पात्यावरूनच प्रवास करतो. ताण देऊन पानगळ झाली की खाली पडलेला पाला आणि फळे गोळा करून जाळायची. जमिनीवर ब्लीचिंग पावडरचे द्रावण आणि छाटलेल्या झाडांवर एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. आणि सर्वांत आधी, रोपे निरोगी बागेतूनच आणायची. यांतील एकही उपाय एकट्याने रोग थांबवत नाही. सारे मिळून त्याला पाय रोवू देत नाहीत. फवारणी यात आहे, परंतु ती शेवटच्या रांगेत आहे.

हा विचार शास्त्राच्या भाषेत प्रथम नीट मांडला गेला तो 1959 मध्ये, कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चौघा कीटकशास्त्रज्ञांच्या निबंधात. कीड दिसली की मारायची, असे न करता तिच्यामुळे होणारे नुकसान फवारणीच्या खर्चाहून अधिक होण्याची वेळ येते का ते पाहायचे, आणि ती पातळी गाठली जाण्याच्या बेतात असेल तेव्हाच हात उचलायचा, हे त्यांचे सूत्र. आपल्याकडे तिला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. कपाशीच्या शेतात हेक्टरी पाच कामगंध सापळे लावले आणि सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक गुलाबी बोंडअळीचे पतंग आले, तर उपाय करायचा, तत्पूर्वी नाही. डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्याने न उमललेल्या कळ्या, दिसल्या की त्या तोडून नष्ट करायच्या. 2008 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी हाहाकार केल्यावर महाराष्ट्राच्या कृषी खात्याने 2009 च्या हंगामापासून क्रॉपसॅप हा कीड-सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. ठरावीक शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे विद्यापीठाकडे पाठवायचे, आणि त्यावरून तालुक्याला सल्ला द्यायचा, ही त्याची रीत.

या विचारावर विश्वास बसावा असा महाराष्ट्राचा सर्वांत मोठा अनुभव उसाचा आहे. 2002 च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात पांढरा लोकरी मावा प्रकट झाला आणि पाहता पाहता दक्षिण महाराष्ट्रातून कर्नाटकात पसरला. पानांच्या खालच्या बाजूला कापूस पिंजून चिकटवावा तसे थर, त्यांतून झिरपणारा चिकट रस, त्यावर काळी बुरशी. घाबरून फवारण्या झाल्या. परंतु पुरुषभर वाढलेल्या उसात शिरून पानांच्या खालून फवारणे हेच मुळात अशक्यप्राय, आणि जेथे औषध पोहोचले तेथे माव्यासह त्याचे शत्रूही मेले. तेव्हा शास्त्रज्ञांनी या शत्रूंकडेच लक्ष वळवले. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या थरांत जाळे विणून राहते आणि मावा खात सुटते. मायक्रोमस हा दुसरा भक्षक. आणि एन्कार्शिया हा अतिसूक्ष्म परोपजीवी कीटक ईशान्य भारतातून आणून सोडला गेला. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, विद्यापीठे आणि साखर कारखाने यांनी हे मित्रकीटक शेडनेटमध्ये वाढवून गावोगाव वाटले, आणि जेथे ते दिसतील तेथे फवारू नका असा निरोप दिला. काही हंगामांत मावा आटोक्यात आला. शेतकऱ्याने फवारणी केली नाही म्हणून पीक वाचले, असे सांगता येण्याजोगा हा अनुभव इतका मोलाचा आहे की तो शालेय पुस्तकांत असायला हवा.

त्याच्या उलट बाजूचे स्मरण यवतमाळचे आहे. 2017 च्या पावसाळ्यात तेथे कपाशी माणसाच्या उंचीपेक्षा वर गेली होती, हवा दमट आणि उष्ण होती, बोंडअळीच्या धास्तीने दोन-दोन तीन-तीन औषधे एकत्र कालवून जोरदार फवारा मारणाऱ्या पंपांनी मजूर फवारत होते, आणि तो फवारा त्यांच्याच तोंडावर, छातीवर, श्वासात येत होता. शेकडो माणसे रुग्णालयात दाखल झाली, जिल्ह्यात वीसच्या आसपास मृत्यू पावली. राज्याने विशेष तपास पथक नेमले आणि मोनोक्रोटोफॉससह काही कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची मनाई केली. साठच का? कारण कलम 27 अन्वये तातडीच्या प्रसंगी चौकशी पुरी होईतो प्रथमतः जास्तीत जास्त तेवढीच मनाई करता येते. कायमची बंदी हा केंद्राचा अधिकार. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास 2005 पासूनच मज्जाव होता. 2013 मध्ये बिहारमधील एका शाळेत त्याच्या संसर्गाने दूषित झालेले माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुले दगावली. आणि त्याच्या सर्वाधिक खपाच्या 36 टक्के द्रावणाला केंद्राने बंदीच्या मार्गाला लावले ते 2023 मध्ये. एवढा विलंब समर्थनीय नाही.

दापोडीच्या मंडईत पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचा या साऱ्याशी संबंध पोचतो तो अवशेषाच्या मार्गाने. खाद्यपदार्थात कीटकनाशकाचा किती अंश चालेल हे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण पीकवार ठरवते. मर्यादा ठरलेलीच नसेल तर सामान्यतः किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे नाममात्र. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बागनिहाय नोंदणी आणि नमुन्यांची तपासणी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशावरून युरोपने द्राक्षे अडवल्यावर ती शिस्त अधिकच कडक झाली. बागायतदार ती पाळतो, कारण परतलेल्या कंटेनरची किंमत त्याने पाहिलेली आहे. आपल्या मंडईत येणाऱ्या मेथीच्या आणि वांग्याच्या मागे अशी शिस्त नाही. जी शिस्त लंडनच्या ग्राहकासाठी शक्य झाली ती दापोडीच्या ग्राहकासाठी अशक्य आहे, असे कोणीही मला पटवू शकणार नाही.

शहरातल्या घरांतही एक प्रकार चालतो. धान्यात ठेवण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणाकडून तरी मिळवल्या जातात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू सुटतो. त्यांची विक्री सरकारी संस्था आणि देखरेखीखाली काम करणारे परवानाधारक कीडनियंत्रक यांच्यापुरती मर्यादित आहे. राहत्या खोलीत त्या ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

राज्याचे कृषी आयुक्तालय पुण्यातच आहे. त्याच्याकडे मागणी एवढीच की प्रत्येक परवानाधारक दुकानाच्या दर्शनी भिंतीवर त्या टापूतील मुख्य पिकांसाठी नोंदणीकृत औषधांची, मात्रेची आणि तोडणीपूर्वी थांबण्याच्या दिवसांची यादी मराठीत, ठळक अक्षरांत लावणे सक्तीचे करावे, आणि विद्यापीठांनी व संशोधन केंद्रांनी नोंदणीबाहेरची एकही शिफारस छापू नये. आणि दापोडी-पिंपरीच्या ज्या वाचकांची शेती गावाकडे आहे त्यांना विनंती अशी की या दिवाळीत घरी गेल्यावर गोठ्यातल्या, माळ्यावरच्या फवारणीच्या बाटल्या आणि पुड्या बाहेर काढाव्यात, प्रत्येकीवर कोणत्या पिकांची नावे आहेत ती घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवावीत, मुदत संपलेल्या आणि नावे पुसलेल्या वेगळ्या काढून मुलांच्या हाताबाहेर कुलुपात ठेवाव्यात, आणि त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते तालुका कृषी अधिकाऱ्याला जाऊन विचारावे.